आठ नंबरचा जावई

राष्ट्रीय रग्बी संघाच्या कप्तानाचं चष्म्याचं दुकान होतं. त्या देशात रग्बीवर कुणाचंच पोट भरत नसे, त्यामुळे संघातला प्रत्येक जण आठवडाभर दुसरं काहीतरी असायचा आणि शनिवारी खेळाडू व्हायचा. कप्तानाचा पंजा ताटाएवढा होता आणि त्या पंजाने तो दिवसभर मोहरीएवढे स्क्रू फिरवायचा. नवीन गिऱ्हाईक आधी त्याला बघून बिचकायचं. मग चष्मा नाकावर अलगद बसला की शांत व्हायचं. संघात त्याला कपाट म्हणत. का म्हणत, हे कुणी विचारत नसे.

निवड समितीचे अध्यक्ष त्याचे सासरे होते. निवृत्त पोस्टमास्तर. तरुणपणी स्वतःही देशासाठी खेळलेले, त्याची खूण म्हणून दोन्ही कान कायमचे चुरगळलेले. जावई आधी संघात आला आणि नंतर घरात, पण लोक हा क्रम उलटा सांगत. सासरे त्याला मैदानावर ‘अरे’ म्हणायचे आणि घरी ‘अहो’. मैदानावरून घरी जाताना गाडीत काय म्हणायचं ते ठरलेलं नसल्यामुळे गाडीत दोघं बोलत नसत.

त्या वर्षी संघ लागोपाठ हरत होता. शेवटचा सामना तर असा हरला, की रेडिओवाल्याने दुसऱ्या डावात हवामानाबद्दल बोलायला सुरुवात केली. पंधरवड्यावर पुढचा आंतरराष्ट्रीय सामना होता. संघटनेच्या कार्यालयाला रंग चालू होता, म्हणून निवड समिती रविवारी दुपारी कपाटाच्या बंद दुकानात भरली. कप्तानाला समितीत मत नव्हतं, पण बसायची आणि बोलायची मुभा होती. त्या दिवशी जागा त्याची असल्यामुळे त्याला नाही म्हणणंही अवघड होतं.

सासरे डोळे तपासायच्या खुर्चीत बसले, कारण पाठ टेकायला दुकानात तेवढीच सोय होती. दंतवैद्य, म्हणजे समितीचा दुसरा सभासद, आरशासमोरच्या स्टुलावर बसला. प्रशिक्षक उभाच राहिला. तो मुळातच कमी बोलायचा, आणि बसला की अजिबात बोलायचा नाही. दुकानात चारी बाजूंनी आरसे होते, त्यामुळे ज्याला त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं आणि सुरुवातीला कुणी फारसं बोललं नाही.

मग कपाटाने शोकेसमधून पंधरा फ्रेमी काढल्या आणि काचेच्या काउंटरवर संघ मांडला. आठ पुढच्या फळीत, ज्यांचं काम ढकलायचं. सात मागच्या फळीत, ज्यांचं काम पळायचं. पुढच्या फळीला वाटतं मागचे नुसते केस विंचरतात. मागच्या फळीला वाटतं पुढच्यांना नियम माहीत नाहीत. दंतवैद्य एके काळी अगदी कडेला, विंगला पळणारा होता. पोस्टमास्तर ढकलणारे. समितीत वर्षानुवर्षं हेच भांडण चालू होतं आणि त्यालाच ते दोघं संघाचा समतोल म्हणत.

कपाटाचा मुद्दा साधा होता. खेळाडू खाली पडला की चेंडूही खाली पडतो, आणि तो जमिनीवरचा चेंडू दर वेळी समोरचे उचलून नेतात. आपल्याकडे तो ओढून काढणारा माणूसच मैदानात नसतो. तो बाहेर राखीवमध्ये बसलेला असतो. हा माणूस म्हणजे चिमटा. बारका, वाकून पळणारा, पेशाने घड्याळं दुरुस्त करणारा. चेंडू कितीही माणसांखाली गेला तरी तो हात घालून काढायचा. चिमटा सुरुवातीपासून खेळलाच पाहिजे, असं कपाट म्हणाला.

यावर कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न होता, बाहेर कोण?

दंतवैद्याचं म्हणणं पडलं, कुणालाच काढू नका. राखीव आठ जणांत नेहमी पाच ढकलणारे आणि तीन पळणारे असतात. या वेळी सहा आणि दोन करा. ताज्या दमाचे सहा बैल दुसऱ्या डावात सोडा, चिमटा त्यांच्यातच येईल. स्वतःच्या फळीची एक जागा तो स्वतःहून सोडत होता, त्यामुळे सासऱ्यांना संशय आला. पण कपाटानेच ते खोडून काढलं. मागच्याच्या मागच्या सामन्यात आपण हेच केलं होतं, तो म्हणाला. मागच्या फळीतले तिघं जखमी झाले, राखीव दोन संपले आणि शेवटी पहिल्या रांगेतल्या खाटकाला विंगवर उभं करावं लागलं. समोरचा पोरगा त्याच्या बाजूने तीनदा गेला. खाटीक अजून त्याबद्दल बोलत नाही.

दंतवैद्याने मान डोलावली आणि बोलता बोलता काउंटरवरची एक तपकिरी फ्रेम उचलून डोळ्यांवर चढवली. ती फ्रेम म्हणजे संघाचा किक मारणारा होता. कपाटाने मुकाट्याने त्या जागी दुसरी फ्रेम ठेवली.

चिमट्याची जागा ढकलणाऱ्यांच्या तिसऱ्या रांगेत होती. त्या रांगेत तिघंच असतात. सध्याचे तीन म्हणजे शिडी, बेकरीवाला आणि स्वतः कपाट. शिडीला हात लावायचा नाही, हे कपाटाने आधी सांगून टाकलं. चेंडू रेषेबाहेर गेला की तो परत आत फेकतात, तेव्हा दोघं मिळून एकाला वर उचलतात आणि तो हवेत झेल घेतो. हे काम शिडीचं. शिडी काढली तर तो चेंडूही गेला. म्हणजे वरचा चेंडू शिडीचा, खालचा चेंडू चिमट्याचा. उरली एक जागा, आणि ती हवी धडक मारत चेंडू पुढे नेणाऱ्याची.

“आपल्याकडे धडक मारणारे दोन आहेत,” कपाट म्हणाला. “दोघं एकाच मापाचे. हाच तर घोळ आहे. एकासारखे दोन ठेवायचे आणि तिसऱ्या कामाला कुणीच नाही.”

असं म्हणून त्याने काउंटरवरच्या दोन जाड काळ्या फ्रेमी पुढे सरकवल्या. एक बेकरीवाला, एक आठ नंबर. आठ नंबर तोच होता.

इथे तो जरासा थांबला. दुकानात आला तेव्हा त्याच्या मनात बेकरीवाल्याला बसवायचं होतं. तसं त्याने मनात म्हटलंही नव्हतं, ते आपोआप धरून चाललं होतं, जसं घरात आपली खुर्ची आपलीच धरून चालतो. पण आता दोन फ्रेमी शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि सासरे आणि दंतवैद्य त्याच्या हाताकडे बघत होते. प्रशिक्षक बघत नव्हता. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचायचा प्रयत्न करत होता.

गणित अर्ध्यावर आलं होतं आणि उत्तर दिसत होतं. पण उत्तर आवडलं नाही म्हणून पाटी पुसायची, हे त्याला बरं वाटेना. तो पुढे बोलत राहिला, फक्त आवाज थोडा खाली आला. बेकरीवाला धडक मारून पडला की चेंडू सोडून लगेच उठतो, तो म्हणाला. आठ नंबरही पडतो. पण आठ नंबर उठेपर्यंत खेळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो.

सासरे खुर्चीत सावरून बसले. खुर्चीची कळ दाबली गेली आणि ते हळूहळू मागे कलले. त्याच अवस्थेत, छताकडे बघत, त्यांनी मार्ग काढायला सुरुवात केली. आठ नंबरला दुसऱ्या रांगेत घेता येईल. कपाट म्हणाला, तिथल्या माणसालाही हवेत उचलावं लागतं. आठ नंबरला उचलणारे दोघं दुसऱ्या दिवशी कामावर जाणार नाहीत. मग पहिल्या रांगेत? पहिल्या रांगेत मानेचं काम असतं, आणि या वयात मान नवीन काही शिकत नाही. मग, सासरे म्हणाले, विंग.

दंतवैद्याने यावर चष्मा काढला.

“पोस्टमास्तर,” तो म्हणाला, “माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. विंगबद्दल असं बोलू नका.”

कपाटाने कळ दाबून सासऱ्यांची खुर्ची सरळ केली. सरळ झाल्यावर ते जावयाच्या अगदी समोर आले.

“हे तुम्हाला कधी कळलं?” त्यांनी विचारलं. समितीत ते पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणाले होते. आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं नाही.

“आता. पण गेल्या मोसमातच थांबायचं मनात होतं.”

“मग थांबला का नाहीत?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही दर वेळी माझं नाव सगळ्यात आधी लिहायचात.”

सासऱ्यांनी चुरगळलेल्या कानाला हात लावला. “मी लिहायचो कारण नाही लिहिलं तर घरी काय सांगणार? दोन वर्षं झाली, मला झोप नाही निवडीच्या आदल्या दिवशी.”

दोन वर्षं एकमेकांचं मन राखण्यात देशाचा संघ हरत होता, असा त्याचा अर्थ निघत होता. तो कुणी काढला नाही. प्रशिक्षकाने कागदावर तिसरी रांग लिहिली: शिडी, चिमटा, बेकरीवाला. मग म्हणाला की महिनाभर त्याच्या मनात हेच होतं. का बोलला नाहीस, असं दंतवैद्याने विचारलं. प्रशिक्षक म्हणाला, कुणी विचारलं नाही. दंतवैद्याने तपकिरी फ्रेम विकत घेतली आणि सभा संपली.

रविवारी रात्रीचं जेवण नेहमी सासरी असायचं. वाटेत गाडीत दोघं बोलले नाहीत, पण या वेळी ‘अरे’ की ‘अहो’ हे ठरलेलं नव्हतं म्हणून नव्हे. दाराशी पोचल्यावर सासरे म्हणाले, “आधी तुम्ही जा.” कपाट म्हणाला, घर तुमचं आहे. शेवटी दोघं एकदम आत शिरायला गेले आणि दारात अडकले.

कपाटाची बायको कोर्टात लघुलेखक होती. दिवसभर लोकांचे जबाब शब्दशः उतरवायची सवय असल्यामुळे घरीही तिला सारांश चालत नसे. तिने दोघांकडे बघितलं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सांगितलं. कपाटाने सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, की आठ नंबरला काढा हे शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आले?

“माझ्याच,” कपाट म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली आणि त्याच्या पानात वाढलं. मग पुन्हा एकदा वाढलं.

सासूबाईही सगळं ऐकत होत्या. त्या आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका होत्या आणि आरडाओरडा त्यांना माहीत नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

“जावयाला काढलंत त्याचं काही नाही. कधीतरी काढायचंच होतं. पण ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतलंत?”

सासऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला, की आपण त्याला विंगवरही खेळवायला तयार होतो. त्यामुळे परिस्थिती सुधारली नाही. पुढचे काही दिवस त्यांच्याशी घरात फक्त औषधांपुरतं बोललं गेलं. ज्या गोष्टीला ते दोन वर्षं घाबरले होते ती झाली, पण त्यांना वाटलं होतं त्या कारणाने झाली नाही.

सामन्याच्या दिवशी कपाट मैदानावर होता, पण राखीवमध्ये नव्हता; उठायला वेळ लागणारा तिथेही नको, असं त्यानेच सांगितलं होतं. प्रशिक्षकाने त्याला पाणी न्यायचं काम दिलं होतं, कारण पाणी नेणाऱ्याला खेळ थांबला की आत जाता येतं आणि चार शब्द सांगता येतात. पाणी नेणाऱ्याने घालायचा पिवळा सदरा संघटनेकडे त्याच्या मापाचा नव्हता. दोन सदरे एकत्र शिवून घेतले.

चिमट्याने जमिनीवरचे चेंडू काढायला सुरुवात केली तेव्हा समोरच्यांनी पंचांकडे तक्रार केली. त्यांना वाटलं कुणीतरी जास्तीचा माणूस खेळतोय. शिडीने वरचे झेल घेतले. बेकरीवाला पडला आणि उठला, पडला आणि उठला. कपाट बाटल्या घेऊन आत जायचा तेव्हा सगळे पाणी प्यायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघायचे. दुसऱ्या डावात त्याला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. ते बरोबर खेळत होते. तो नुसता बाटली धरून उभा राहिला.

सामना अगदी शेवटच्या किकवर गेला. किक खांबाला लागून बाहेर आली आणि संघ दोन गुणांनी हरला. इतक्या कमी फरकाने ते बऱ्याच वर्षांत हरले नव्हते, त्यामुळे लोक जिंकल्यासारखे ओरडत होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिलं, की सासरे-जावयाच्या भांडणाची किंमत देशाने मोजली.

सामन्यानंतर सगळे आंघोळीला गेले. कपाटाच्या अंगाला चिखल नव्हता. तो थोडा वेळ टॉवेल घेऊन बाकावर बसला. आंघोळ करावी की नाही हे त्याला ठरवता येईना. मग उठून केली. सगळे निघून गेले तरी पाणी चालूच होतं.

बाहेर बायको गाडीत वाट बघत होती. प्रत्येक सामन्यानंतर ती एकच प्रश्न विचारायची, आणि आजही सवयीने विचारून गेली.

“कुठे दुखतंय का?”

“मान आखडलीय.”

“बाटल्या उचलून?”

“नाही. स्क्रमच्या वेळी.” स्क्रम म्हणजे आठ-आठ जण माना अडकवून एकमेकांना रेटतात, ते. “प्रत्येक स्क्रमला ढकलत होतो.”

तिने त्याच्याकडे बघितलं. “बाहेर उभा राहून?”

“हो.”

तिने हात लांब करून त्याची मान थोडा वेळ चेपून दिली. मागे पोस्टमास्तर येऊन बसले, दार लावलं आणि कुणालाच न उद्देशून म्हणाले, की बेकरीवाला बरा आहे, पण पुढच्या सामन्याला राखीवमध्ये सहा ढकलणारे असायला हरकत नाही.

“हरकत आहे,” कपाट म्हणाला, आणि घर येईपर्यंत ते दोघं भांडत राहिले.