पाटीवरचं नाव

मनमोहन कोठारे वीस वर्षं गिरगावात दुकानांच्या पाट्या रंगवत होता, पण इंग्रजीत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, दुकानदार मराठी पाट्या मागू लागले आणि त्याचा हात अडखळू लागला.

ठाकुरद्वारच्या एका साडीच्या दुकानाला दर्शनी पाटी आणि आतल्या विभागांच्या पाट्या हव्या होत्या. मनमोहनने चार नमुने नेले. त्यांत त्याच्या बायकोने, राजलक्ष्मीने, सहज रंगवलेला एक कागद चुकून गेला. मालकाने नेमका तोच उचलला.

"हेच अक्षर हवं," मालक म्हणाला. ते कुणाचं, हे मनमोहनने सांगितलं नाही.

पाट्या राजलक्ष्मीने घरीच रंगवल्या. तिची वेलांटी एका दमात उतरताना पाहिली की तो काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. पाट्या लागल्या तेव्हा कोपऱ्यात सही होती, 'म. कोठारे'. लोक थांबून म्हणत, "कोठारे, हात काय बसलाय तुमचा." तो नुसता हसायचा.

पुढचं काम एका उपाहारगृहाचं आलं. राजलक्ष्मी म्हणाली, "अहो, यावर माझं नाव घालणार असाल तर कुंचला धरते."

"बायकांची नावं कुणी पाट्यांवर घालतं का?"

"मग तुम्हीच रंगवा."

त्याने ती पाटी एकट्याने रंगवली. अक्षरं बेताची झाली, पण उपाहारगृहवाल्याने कुरकुर न करता लावून घेतली. मनमोहन मात्र त्यानंतर साडीच्या दुकानावरून जाईनासा झाला.