चप्पल बाहेर, हिंदी बाहेर

उमाकांतरावांच्या घरी दोन गोष्टी उंबऱ्याबाहेर काढून ठेवायच्या असत. चप्पल आणि हिंदी. भिलाईत हिंदीशिवाय कोथिंबिरीची काडीसुद्धा मिळत नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण पोरगा ईशान शाळेतून आला आणि दारातूनच "मम्मी, भूख लगी है" म्हणून ओरडला, की आतून आवाज यायचा, "कोन आहे जी? चुकीच्या घरी आले वाटते तुमी." मग ईशान पुन्हा बाहेर जायचा, चप्पल काढून भिंतीला लावायचा, आणि आत येऊन म्हणायचा, "आई, मले भूक लागली." मग पोळी मिळायची.

सुहासिनीला या कवायतीचं हसू यायचं. ती रायपूरची. तिच्या माहेरी मराठीला हिंदीची फोडणी इतक्या पिढ्यांपासून बसलेली, की कोणता दाणा कुठला ते आता निवडता येत नव्हतं. उमाकांतराव मात्र गोंदियाकडचे, बाप रेल्वेत, स्वतः मालगाडीचे गार्ड. गार्डाचं काम म्हणजे गाडीच्या शेपटाला एकट्यानं बसायचं. समोर नुसत्या मालाच्या वाघिणी, आजूबाजूला चिटपाखरू नाही. दुर्ग लाइनवर नोकरीभर साठलेलं बोलणं ते घरी आणून ओतत. दाळीत मीठ कमी असलं तरी त्यावर पाच मिनिटं बोलत, आणि तेही असं ठसक्यात, की सुहासिनी कधीमधी मुद्दाम कमी टाकायची.

आणखी एक गोष्ट त्यांनी रेल्वेतून घरी आणली होती. गाडी सुटताना पुढून ड्रायव्हर आणि मागून गार्ड एकमेकांना हिरवा झेंडा दाखवतात. माझ्याकडे सगळं ठीक, तुझ्याकडे? याला 'ऑल राइट' देणं म्हणतात. ईशान सायकलवर निघाला की उमाकांतराव फाटकात उभे राहत, हातात अंग पुसायचा हिरवा टॉवेल. पोरानं कोपऱ्यावर, कोचिंग क्लासच्या बोर्डापाशी, वळून हात वर करायचा. तोवर टॉवेल खाली येत नसे. एकदा ईशान विसरला, तर हे तसेच उभे. भाजीवाली मैनाबाई टोपली घेऊन जाता जाता थबकली. "का होगे साहेब?"

"काही नाही झालं, बाई. गाडीनं अजून ऑल राइट नाही देल्लं."

मैनाबाईला काही कळलं नाही. ती सुहासिनीकडे बघून डोक्याशी बोट फिरवून गेली.

ईशानच्या हातात पेटी आली ती भिलाईच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मग कीबोर्ड आला. बापाच्या गार्डाच्या डब्याचा ठेका तो टेबलावर, ताटावर, बापाच्या पाठीवर वाजवायचा, आणि उमाकांतराव डोळे मिटून सांगायचे, "आता पूल आला. आता उतार लागला." मुंबईला गेला तो गाण्यासाठीच. त्या दिवशीही फाटकात टॉवेल फडकला. कोपऱ्यावरून रिक्षातून हात बाहेर आला. सगळं ठीक.

मुंबईत तो कुठं कुठं कीबोर्ड वाजवायचा. एकदा एका मराठी मालिकेच्या ऑफिसात पार्श्वसंगीताचं काम मागायला बसला होता, तेवढ्यात सुहासिनीचा फोन गेला.

"काय करून राहिला रे?"

"बसून राहिलो, आई. कावून? जेवली का तू?"

त्याच्या मागं एकदम मोठा हशा उसळला. सुहासिनीला बरं वाटलं. पोरगा हसत्याखेळत्या माणसांत आहे म्हणायचा. तीही इकडून हसली.

त्या फोनवरच्या बोलण्यावर ईशानला काम मिळालं. गाण्याचं नाही. नत्थू नावाच्या गड्याचं. पुण्याच्या श्रीमंत घरात विदर्भातून आलेला, उशीवर पाय आणि ताटात डोकं ठेवणारा असा तो नत्थू. "तू जसा बोलतोस तसाच बोल," एवढंच त्याला सांगितलं होतं.

पहिल्या भागाला उमाकांतरावांनी मराठी चॅनेलांचं पॅक घेतलं, पेढे आणले. शेजारची आम्रपाली पोरांना घेऊन आली. नत्थू पडद्यावर आला. खांद्यावर हिरवा टॉवेल. मालकीणबाई गाडीत बसून निघाल्या, आणि नत्थूनं दारात उभं राहून टॉवेल उंच धरला. "ऑल राइट, बाईसाहेब!"

इकडे हॉलमध्ये उमाकांतरावांनी हात वर केला.

विचार करून नाही केला. पोरानं टीव्हीतून खूण केली, बापानं उत्तर दिलं. तेवढ्यात टीव्हीतला तो न दिसणारा समुदाय खो खो हसला, आणि मालकीणबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, "याला कोणीतरी माणसात आणा रे." समुदाय पुन्हा हसला. आम्रपालीची पोरं हसली. आम्रपालीही हसली, कारण विनोद चांगला होता. हात मात्र वरच राहिला होता. तो खाली कसा आणावा हे उमाकांतरावांना सुचेना. शेवटी त्यांनी तो डोक्यावरून फिरवला आणि केस सारखे केले. टक्कल होतं.

नत्थू चालला. असा चालला की विचारू नका. 'मले कावून बोलावून राहिले जी?' हे वाक्य मोबाइलच्या रिंगटोनवर गेलं. मुलाखतीत ईशाननं अभिमानानं सांगितलं, "नत्थू म्हणजे माझे बाबाच. तो टॉवेल, ते बोलणं, सगळं त्यांचं." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मुलाखतीत ईशान 'मले' नाही, 'मला' म्हणत होता. हे सुहासिनीच्या लक्षात आलं. तिनं आवाज कमी केला.

त्यानंतर घरात हिंदी आली. कोणी आणली नाही, भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी उमाकांतराव म्हणाले, "चाय बन गई क्या?" सुहासिनीला वाटलं, दारात कोणी पाहुणा आहे. तिनं डोकावून पाहिलं. चपला जागच्या जागी बाहेर होत्या.

तिनं सगळे उपाय केले. दाळीत मीठच टाकलं नाही. उमाकांतरावांनी मुकाट जेवून घेतलं आणि हात धुताना म्हणाले, "नमक थोड़ा कम था शायद."

शायद! या माणसानं आयुष्यात मिठाबद्दल शायद म्हटलं नव्हतं.

"कावून असं करून राहिले तुमी?" ती रडकुंडीला आली. "पोरावर राग आहे तं त्याले बोला. माह्यावर कायले?"

ते बराच वेळ टॉवेलाची घडी करत बसले. टॉवेल आता पांढरा असे. मग हळू म्हणाले, "राग नाही, सुहास. मी तोंड उघडतो न, तं मले नत्थूच ऐकू येते. मंग मी कुठी गेलो बापा?"

तेवढंच. त्यानंतर पुन्हा हिंदी, तीही कशी, अदबीची. रेल्वेच्या साहेबांशी बोलायचे तशी.

सुहासिनीनं हे ईशानला फोनवर सांगितलं नाही. असं फोनवर काय सांगणार? तुझा बाप हिंदी बोलतो? भिलाईत? तिनं मनाशी एकच धरलं. पोरगा एकदा घरी यावा, आणि बापलेकांनी समोरासमोर बसून दोन वाक्यं आपली बोलावीत. एकदा गाठ सुटली की सुटली.

मालिका संपली. पुढं ईशानला नत्थूच मिळत गेले. कधी वॉचमन नत्थू, कधी टेम्पोवाला, कधी भुताला घाबरणारा. गाणं ऐकवतो म्हटलं की लोक म्हणत, "नत्थूच्या आवाजात म्हण." आणि दिवाळीनंतर मंडळानं स्नेहमेळाव्यात त्याचा सत्कार ठरवला, तेव्हा त्यानं एकाच अटीवर हो म्हटलं. मी गाणार. स्वतःचं एक गाणं केलंय.

"बाबांसाठी आहे," तो फोनवर म्हणाला. "डब्याचा ठेका आहे त्यात. पूल, उतार, सगळं. त्यांना सांगू नकोस."

तिनं नाही सांगितलं. तिनं फक्त नवऱ्याचा चांगला शर्ट इस्त्री केला.

नेहरू नगरच्या मैदानात मांडव. पुढच्या रांगेत उमाकांतराव आणि सुहासिनी. माइकवर आम्रपाली, नवीन पैठणीत. ईशान कीबोर्डसमोर बसला. त्यानं डाव्या हातानं ठेका धरला, धडक्-धड, धडक्-धड, आणि सुहासिनीनं पाहिलं, शेजारी नवऱ्याचं बोट गुडघ्यावर हलायला लागलं. डोळे मिटले. तीही कान देऊन बसली. आता पूल येईल.

"नत्थू!" मागून कोणीतरी ओरडलं. "ए नत्थू, ऑल राइट दे ना बे!"

मग चहूकडून. पोरं, बाया, स्टीलचे डबे घेऊन आलेल्या आज्या. दुष्टपणा नव्हता हो त्यात. आपला पोरगा टीव्हीवर गेला, त्याला टीव्हीतल्यासारखं बघायला आली होती माणसं. ईशान हसला, हातानं थांबा म्हणाला, पुन्हा ठेका धरला. पुन्हा आरडाओरडा. तिसऱ्यांदा त्यानं कीबोर्डवरचे हात उचलले, उभा राहिला, आणि त्याच्या खांद्यात तो बाक आला. "मले कावून बोलावून राहिले जी?"

मांडव कोसळायचा बाकी राहिला.

आम्रपालीला त्या आनंदात सुचलं ते तिला फार सुंदर वाटलं असणार. "आज आपल्याकडं ओरिजिनल नत्थू पण आहे! उमाकांतकाका, या न वर! काका, एकदाच म्हणा!"

लोकांनी त्यांना हाताला धरून वर नेलं. कोणीतरी हिरवा टॉवेल आणला. हौस बघा, घरून घेऊन आले होते. उमाकांतरावांनी माइक घेतला. ईशान अडवायला पुढं झाला, पण तेही नत्थूचंच काहीतरी वाटून लोक हसले. उमाकांतरावांनी टॉवेल घडी करून कीबोर्डवर ठेवला. मग स्वच्छ, एकही काना न चुकवता म्हणाले, "आप सबने मेरे बेटे को इतना प्यार दिया, आपका बहुत-बहुत धन्यवाद."

टाळ्या पडल्या. जरा कमी पडल्या.

गाणं झालं नाही. नंतर जेवणं होती.

दुसऱ्या सकाळी ईशानचं रायपूरहून विमान. तो चहा घेऊन बापासमोर खाली बसला, लहानपणी बसायचा तसा. सुहासिनी ओट्याशी पाठ करून उभी, पण कान तिकडंच.

"बाबा, मी तुमची टिंगल नाही केली. त्यांनी मला सांगितलं, आपल्यासारखा बोल. मला आपलं तेवढंच येत होतं. घरून तेवढंच घेऊन गेलो होतो."

"मालूम है बेटा. नाराज नहीं हूँ."

"मग हे हिंदी कशाला? घरात?" त्याचा आवाज फाटला. आणि मग किती दिवसांनी त्याच्या तोंडून आलं, "माह्याशी बोला न, बाबा. कावून नाही बोलून राहिले?"

सुहासिनी वळली. उमाकांतरावांचे ओठ हलत होते. आत कुठंतरी गाडी ब्रेक सोडत होती, हे तिला दिसत होतं.

"मले..." ते म्हणाले.

ईशानच्या चेहऱ्यावर हसू आलं. अगदी आतून, डोळ्यांत पाणी आणून आलेलं हसू. भूक लागल्यावर पोळी दिसावी तसं. सुहासिनीनं ते पाहिलं, तिला ते कळलं. पण उमाकांतरावांनी पाहिलं ते एवढंच, की आपण 'मले' म्हणालो आणि समोरचा हसला.

ते थांबले. चहाचा घोट घेतला.

"मुझे लगता है," ते म्हणाले, "गाड़ी का टाइम हो गया."

"बाबा, मी हसलो नाही! म्हणजे, तसा नाही..."

"नहीं नहीं. कोई बात नहीं."

सुहासिनीला वाटलं, मध्ये पडावं, या दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. ती म्हणाली पण, "अवो, तो खुशीनं हसला जी!" पण हसू काही पुन्हा उलगडून दाखवता येत नाही. इस्त्री केलेला शर्ट आहे का तो?

टॅक्सी आली. पाठोपाठ गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन आली, नत्थू निघताना दिसावा म्हणून. ईशाननं बॅग ठेवली. फाटकात बापासमोर उभा राहिला. पाया पडला. मग टॅक्सीत बसून काच खाली केली आणि हात बाहेर काढला, कोपरा यायच्या आधीच. वर धरला.

पोरांचे मोबाइल बापाकडं वळले.

उमाकांतरावांनी मोबाइलांकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले. पाहुण्याला जोडतात तसे.

टॅक्सी निघाली. सुहासिनीच्या हातात ओटा पुसायचं फडकं होतं, रंग कुठला ते सांगता येणार नाही असं. तिनं तेच उंच धरलं. कोचिंग क्लासच्या बोर्डापाशी हात अजून बाहेर होता. तिचं फडकं त्याला दिसलं का, कोण जाणे. दिसलं असलं तरी ते गार्डाचं नव्हतं.

गार्डानं ऑल राइट दिल्याशिवाय गाडी पुढं काढायची नाही, असं उमाकांतराव सांगत.

गेली की.

तिनं वळून पाहिलं तर ते घरात शिरत होते. उंबऱ्यापाशी थांबले, वाकले, चप्पल काढून भिंतीला नीट लावली. मग क्षणभर तसेच उभे राहिले, आणखी काहीतरी काढून ठेवायचं राहिल्यासारखे.

"अंदर आ जाओ," ते म्हणाले. "धूप हो रही है."