दोन्ही बाजूंनी पाहिलेली लढाई

माझ्या अंगाला कांद्याचा वास येतो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. तीनदा धुतलंय मला, तरी जात नाही. नऊ-दहा वर्षं कांद्याच्या ढिगावर पांघरूण म्हणून काढल्यावर दुसरं काय होणार? पण मूळचा मी कांद्याचा नव्हे. मी पडदा आहे, तंबूतल्या सिनेमाचा पडदा. बावीस फूट लांब, चौदा फूट उंच, भोवती काळी किनार आणि वर पितळेच्या कड्या. एके काळी माझ्याकडे बघायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. हे मी फुशारकीनं सांगतोय, आणि का सांगू नये?

नगरच्या कापडबाजारातून शामकांतरावांनी मांजरपाटाचे तागे आणले आणि एका शिंप्याकडून मला शिवून घेतलं. शामकांतराव म्हणजे आमचे मालक. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, आणि हे निघाले सिनेमाच्या नादी लागून. जाड चष्मा, स्वच्छ धोतर, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी गणपतीसारखी मशीनला उदबत्ती. ह्या यात्रेतून त्या यात्रेत आमचा तंबू फिरायचा.

तंबूत मला मधोमध टांगत. एका बाजूला मशीन आणि पुरुषमंडळी, दुसऱ्या बाजूला बायका. बायकांना सिनेमा दिसायचा तो माझ्या पाठीमागून. त्यासाठी एक युक्ती होती. खेळाआधी मला बादलीभर पाणी मारत. ओल्या कापडातून चित्र आरपार जातं, कोरड्यातून नुसताच उजेड. हे पाणी मारायचं काम भीमाकडे होतं. पाथर्डीजवळच्या गावचा हा गडी, खुंटे ठोकायला म्हणून आला आणि तंबूचाच झाला. पाणी मारायचा मात्र अगदी मनापासून, कोपरान् कोपरा भिजवून.

शामकांतरावांकडे स्वतःच्या मालकीचा एकच सिनेमा होता. लढाईचा, काळा-पांढरा. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला 'पुलाची लढाई' म्हणत. नदीवरचा एक पूल, तो राखायला बसलेले सात शिपाई, आणि पलीकडून येणारे रणगाडे. रणगाडे म्हणजे तसं बघितलं तर एकच रणगाडा. त्याच्या डाव्या बगलेला पोचा होता, तो मला दर वेळी दिसायचा. पण काळोख, धूर आणि मधूनच उडणारा पांढरा उजेड अशी काही कमाल होती की लोकांना वीस रणगाडे दिसत. काळ्या-पांढऱ्याची हीच तर गंमत. जे नसेल ते बघणारा स्वतःच भरून काढतो. नदीला पाणी किती, रक्त कसं लाल, सुभेदाराच्या मिशीला पीळ किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शेवटी सातांतला एकच जण उरतो, हुद्द्यानं नाईक. एक हात गोळी लागून झोळीत. रणगाडा पुलावर चढतो. नाईक दातांनी बाँबची पिन उपसतो, थांबतो, अजून थांबतो, आणि मग दुसऱ्या हातानं असा काही बाँब फेकतो की अख्खा तंबू उठून उभा राहायचा. सुट्टीवर आलेले खरे फौजीसुद्धा खाली वाकत. टोप्या उडत. एकदा तर एका आजोबांनी रणगाड्याला म्हणून चप्पल मारली, ती मला लागली. त्या जागी अजून ठिगळ आहे.

माझ्या पाठीमागं, अगदी खालच्या किनारीपाशी, एक अकरा वर्षांची मुलगी येऊन बसायची. रंगू तिचं नाव. यात्रेचे पाचही दिवस पाचही खेळ तिनं पाहिले. रंगू डावखुरी होती. घरात त्यावरून उठता-बसता बोलणी. डाव्या हातानं भाकरी थापली की आई त्या हातावर उलथणं मारायची. आणि इथं तर एवढा मोठा नाईक, उजवा हात झोळीत, डाव्या हातानं रणगाडा उडवतोय! पहिल्या दिवशी तो बाँब सुटला तेव्हा रंगू उभी राहिली आणि आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. माझ्या इतक्या जवळ होती की तिचा श्वास मला लागत होता.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. पुढून बघणाऱ्यांना तोच नाईक उजव्या हातानं बाँब टाकताना दिसायचा. बाँब एकच, नाईक एकच. माझ्या पोटावर तो उजवा होता आणि पाठीवर डावा. सुरुवातीची नावं मागून उलटी दिसत, पण तेव्हा मागच्या बाजूला अक्षर ओळखणारं होतंच कोण? पुरुष कधी मागं गेले नाहीत, बायका कधी पुढं आल्या नाहीत. दोन्ही बाजू माहीत असलेला मी एकटा, आणि मला तोंड नाही.

पुढं योगायोग बघा, भीमाचं लग्न ह्याच रंगूशी झालं. घरोघरी टीव्ही आले तशी तंबूची गर्दी ओसरली. शामकांतरावांनी डोळे पुसत एकेक वस्तू वाटून टाकली. भीमानं मला मागून घेतलं. एस्टीच्या टपावर बसून मी त्याच्या घरी आलो.

तिथून मी ऊसतोडीला गेलो! दर वर्षी टोळीबरोबर कारखान्यावर, कोपीची, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीची, एक भिंत म्हणून. संध्याकाळी चुली पेटल्या की टोळीतली पोरं रंगुबाईभोवती जमत. "काकू, पुलाची लढाई सांगा की." मग ती सांगायची. तोंडानं मशीनगन, परातीवर रणगाडा. आणि शेवटी जळतं चिपाड डाव्या हातात घेऊन असं फेकायची की पोरं किंचाळत पळायची. शामकांतरावांच्या मशीननं दाखवला त्यापेक्षा तो सिनेमा भारी होता. त्याच हातात कोयता घेऊन ती दिवसभर ऊस तोडायची, आणि त्या हाताला आता कुणी नावं ठेवत नव्हतं.

एकटा भीमा खोडी काढायचा.

"उजव्या हातानं टाकला गं त्यानं. तू झोपली व्हतीस."

"तुमीच झोपले असताल. डाव्या हातानं टाकला. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलंय."

ही त्यांची लढाई पन्नास वर्षं चालली. जेवणात जशी चटणी लागते तशी ती त्यांना लागायची. त्यात राग नव्हता.

पुढं ऊसतोड सुटली, मी कांद्यावर आलो, तरी ती चालूच होती. यंदा मात्र घात झाला. त्यांची नात निकिता सुप्याला कंपनीत कामाला आहे. सुट्टीला आली आणि आल्या-आल्या ओट्यावर बसून म्हणाली, "आजी, आबा, तुमचा सिनेमा सापडला! कुणीतरी मोबाईलवर टाकलाय." तिघांची डोकी एका मोबाईलवर. मी शेजारीच कांद्यावर होतो, माझा जीव टांगणीला लागला. रणगाडा पुलावर आला. नाईकानं पिन उपसली. आणि उजव्या हातानं बाँब टाकला.

"बघ! म्या म्हनत न्हवतो?" भीमानं मांडीवर थाप मारली.

रंगुबाईनं तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला. मग पदर सावरून आत गेली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिनं हात बदलला. पासष्टीत कुणी हात बदलतं का? भाकरी मधोमध फाटली. शेजारची पोरं गोष्ट सांगा म्हणून आली तर म्हणाली, "मला न्हाई येत रं. डोक्यात भुसा झाला माझ्या. इतकी वर्सं लेकरान्ला खोटंच सांगत आले."

ओट्यावरून एवढंच ऐकू आलं, पण मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती म्हातारी झाली म्हणून विसरली नव्हती, तिनं पाहिलं तेच सांगितलं होतं. पण हे तिला सांगणार कोण?

भीमा पन्नास वर्षांची लढाई जिंकला आणि त्याला घास गिळेना. चार दिवसांनी तो निकिताला म्हणाला, "पोरी, यात्रा आलीय. त्यो शिनिमा मोठा करून दावता यील का? मोठ्या पडद्यावर पाह्यला तर तुज्या आजीला जरा हुशारी यील."

निकितानं कंपनीतल्या मैत्रिणीकडून प्रोजेक्टर आणला. माझ्यावरचे कांदे निघाले. मला हौदावर धुतलं, नीळ दिली, चार नवी ठिगळं लावली. किती वर्षांनी मी ताठ उभा राहिलो! शाळेच्या मैदानात दोन बांबूंच्या मध्ये, छाती काढून. दिवस मावळला तसं गाव लोटलं. खुर्च्या भरल्या, सतरंज्या भरल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यासुद्धा भरल्या.

आणि भीमा बादली घेऊन आला.

"आबा, अहो भिजवताय कशाला? धुतलाय तो चांगला."

"पानी मारल्याबिगर खेळ चालू करायचा न्हाई. रीत हाय."

"पण कशासाठी?"

भीमानं बादली उचलली. "ते काय ठावं न्हाई," म्हणाला आणि कोपरान् कोपरा भिजवून काढला. गार पाणी अंगावर आलं आणि मला आशा वाटली.

रंगुबाई येतच नव्हती. शेवटी तिची मैत्रीण आक्काबाई, जी लहानपणी तंबूत तिच्या शेजारी बसायची आणि पुढं ह्याच गावात नांदायला आली, तिला हाताला धरून घेऊन आली. पुढं पाय ठेवायला जागा नव्हती.

"चल रंगे," आक्काबाई म्हणाली, "आपुन आपल्या जाग्याव बसू."

दोघी माझ्या मागं येऊन बसल्या. खालच्या किनारीपाशी. मी जागा ओळखली.

सिनेमा सुरू झाला. पोरांनी आधी हसून घेतलं, हे काय काळं-पांढरं म्हणून. पंधरा मिनिटांत हसणं थांबलं. अर्ध्या तासात मोबाईल खिशात गेले. पोचा पडलेला रणगाडा आला आणि पुन्हा एकदा लोकांना वीस दिसले. मी श्वास रोखून धरला, म्हणजे वाऱ्यावर अजिबात हललो नाही. नाईकानं दातांनी पिन उपसली. थांबला. अजून थांबला.

"डावा!" माझ्या पाठीमागून आरोळी आली. "आक्के, बघ गं! डावा हात हाय!"

पुढं टाळ्या, शिट्ट्या, धुमाकूळ. त्यातूनही ती आरोळी भीमाला ऐकू आली. तो उठला, लोकांचे पाय तुडवत, बांबूला वळसा घालून मागं आला. खेळ चालू असताना जन्मात पहिल्यांदा तो माझ्या पाठीमागं आला होता. निकिता पाठोपाठ धावली. तिनं तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. नाईक पुन्हा उभा राहिला, उजवा हात झोळीत, आणि डाव्या हातानं बाँब सुटला.

"अगं आजी, इकडून उलटं दिसतं!" निकिता टाळ्या पिटत म्हणाली. "पाण्यामुळं आरपार दिसतंय. तू बरोबर होतीस. आबाही बरोबर होते!"

भीमा माझ्याकडे बघत राहिला. मग रिकाम्या बादलीकडे. "आन् म्या येड्यानं रोज पानी मारलं," तो म्हणाला. "तुमाला दिसावं म्हनून मारायचं असतंय, हे कधी इचारलंच न्हाई."

"आता कळलं न्हवं?" रंगुबाईनं डोळे पुसले आणि हसली. "मंग हुबे काय ऱ्हाताय? बसा. माज्या डाव्या अंगाला बसा."

भीमा बसला. पाहता पाहता पुढची निम्मी पोरं मागं आली, मग मागची पुढं. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावावा लागला.

दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या डाव्या हातानं झाल्या, आणि गोल झाल्या, असं निकितानं सगळ्यांना सांगितलं. आता माझा मुक्काम रंगुबाईच्या लोखंडी पेटीत आहे, कडुलिंबाच्या पाल्यात. कांद्याला प्लॅस्टिकचा कागद आणलाय. पुढच्या यात्रेला मला पुन्हा टांगणार आहेत. तुम्हीही या. फक्त एक विनंती आहे. खेळाआधी मला पाणी मारायला विसरू नका. मागं कुणीतरी बसलेलं असतं.