बेचाळीस ओळी आणि एक नाणं

त्रीनूच्या वहीत बेचाळीस ओळी होत्या, तीन रंगांच्या शाईत. सेतो जमातीच्या बायकांच्या गाण्यावर तिने कॉलेजात प्रबंध लिहिला होता. गावातल्या बायका तो न वाचताच गात होत्या, हा भाग वेगळा. आज मात्र परीक्षा तिची होती. गाणाऱ्या गटाची म्होरकी असलेल्या ओक्सेआजींचा आवाज बसला होता, आणि पुढची म्होरकी कोण, हे त्या आजच्या गाण्यावरून ठरवणार होत्या.

म्होरकीने ओळ गायची, बाकीच्या आठजणींनी ती उचलून घोळवायची. गाणं संपेपर्यंत म्होरकीने थांबायचं नाही, घराला आग लागली तरी.

अंगणात ऐकणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत सासूबाई वेरा, मांडीवर त्रीनूचा नऊ महिन्यांचा हान्नो.

"तू गा गं निवांत. मी चार पोरं वाढवलीत," त्या म्हणाल्या होत्या. "चारही जिवंत आहेत."

सातव्या ओळीला त्रीनूला हान्नोचा गाल फुगलेला दिसला. सासूबाईंच्या गळ्यातली चांदीच्या नाण्यांची माळ त्याच्या मुठीत होती. आठवी ओळ उडाली. मागोमाग उरलेल्या सगळ्या, आणि प्रबंधही. तोंडातून सुरात बाहेर पडलं,

"आई, बाळाच्या तोंडात बघा, नाणं गिळतंय का ते बघा!"

आठजणींनी ती ओळ देवाचं नाव घ्यावं तशी गंभीरपणे उचलली, एकीने वरच्या पट्टीत नेली, आणि सगळ्या पुढच्या ओळीसाठी त्रीनूकडे बघू लागल्या.

थांबायची सोय नव्हती.

"बोट घाला हो, बोट घाला, गालात हळूच बोट घाला!"

"बोट घाला हो..." आठजणी.

सासूबाई उठल्या. त्याही जुन्या गाणाऱ्या. सुरातच उत्तरल्या,

"नाणं कसलं गं सूनबाई, सकाळी तूच दिलेलं चीज!"

आठजणींनी तेही इमानाने घोळवलं. अंगण हसून लोळलं.

गाणं कसंबसं संपवून त्रीनू खाली मान घालून आजींपुढे उभी राहिली.

"ओळी विसरले, आजी."

"बरं झालं. पहिल्या सात ओळींना मला डुलकी लागली होती." आजींनी डोळे पुसले. "यापुढे म्होरकी तूच."

"आणि बाळ?"

"समोरच बसव. नाहीतर गाशील काय?"

त्रीनूने मान डोलावली. मग हान्नोच्या गालात स्वतः बोट घालून पाहिलं.