पायांतून निघणारा गंज

सभाघराला भिंती नाहीत म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी त्या गर्दीने फुटल्या असत्या. मधोमध निळा टब, त्यात मिठाचं कोमट पाणी, पाण्यात इओसेफोचं यंत्र आणि त्याच्या शेजारी तोफिगाकाकांचे थरथरणारे पाय.

पाणी तपकिरी झालं तशा बायका रडू लागल्या.

"बघा! नसांना चढलेला गंज!" इओसेफो गरजला. "डॉक्टरच्या गोळ्या म्हणजे गंजावर फासलेला रंग. रंग फेका, गंज काढा!"

हा गृहस्थ ऑकलंडला वीस वर्षं गालिचे धूत होता. सामोआत परतला तो थेट मेंदू धुवायला.

तोफिगाकाका गावाचे वक्ते, समारंभात गावाच्या वतीने बोलणारे. त्यांना कंपवात झालेला. महिन्याभरात नव्या सरदाराच्या मानाच्या समारंभात त्यांनाच बोलायचं होतं, तोवर ते बरे व्हावेत म्हणून काकूंनी इओसेफोचं ऐकून गोळ्या समुद्रात फेकल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पहिल्या दिवशीच मला लबाडी कळली होती, पण मी गप्प बसलो. इओसेफोला आव्याची, म्हणजे आमच्या समारंभातल्या मुळांच्या पेयाची, मानाची पहिली वाटी मिळाली होती, आणि ती कुणाला द्यायची ते खुद्द काकांनी पुकारलं होतं. अशा पाहुण्याला खोटं पाडणं म्हणजे काकांच्या तोंडावर थुंकणं. मला माझी लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात नर्स सिएनी आली. काका तापाने फणफणलेले, अंग लाकडासारखं ताठ, जबडा उघडेना.

"काकू, गोळ्या कुठायत?"

"गंज निघतोय ना गं!"

सिएनी माझ्याकडे वळली. "मास्तर, तोंडात काय तारो कोंबलाय?"

तिने काकांचे पाय टबातून बाहेर काढले, नवं पाणी भरून त्यात तारोचा, म्हणजे अळूचा, कंद सोडला आणि बटण दाबलं. पाणी तपकिरी झालं.

"अगं बाई, तारोलाही कंपवात!" एक म्हातारी म्हणाली.

"तारोतही विष असतं!" इओसेफो किंचाळला.

सिएनीने कंदही काढला. पुन्हा नवं पाणी, आत काहीच नाही. तरी तपकिरी.

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. "यंत्रात लोखंडी पट्ट्या आहेत. मीठ आणि वीज मिळाली की त्याच गंजतात. मेंदूच्या पेशी आतल्या आत ऑक्सिजनच्या उपद्रवी कणांनी झिजतात हे खरं, पण ती झीज पायांतून गळत नाही. मेलेली पेशी परत येत नाही. उरलेल्या जपायच्या: रोज चालायचं, नीट झोपायचं, विषारी फवारणीपासून लांब राहायचं. गोळी झीज थांबवत नाही, पण हात हलता ठेवते, घास गिळू देते. ती एकाएकी तोडली की माणूस असा होतो."

लोक इओसेफोला हसले. काका हसू शकले नाहीत. इस्पितळात तिसऱ्या दिवशी ते गेले.

इओसेफो सध्या शेजारच्या बेटावर आहे. तिथेही पहिली वाटी त्यालाच मिळाली म्हणे.

पाहुण्याला मान जरूर द्या. पण तो औषध सोडायला सांगू लागला, तर आधी म्हणा, "पाय न घालता यंत्र चालवून दाखव." एवढं वाक्य बोलायला मी तीन आठवडे लावले, आणि तोवर काकांना गिळताही येईनासं झालं होतं.