डाव्या हातमोज्याची शोधाशोध

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. डावा. माझा जोडीदार उजवा कुठे हरवला ते कोणालाच ठाऊक नाही. तो गेला आणि माझे हाल सुरू झाले.

जाड कापडाचा, तळव्याला चामडे लावलेला असा मी एका सुताराच्या हातात लाकडे उचलत असे. घाम, भुसा आणि सरस यांचा वास माझ्यात मुरला होता. पण एकटा मोजा काय कामाचा? सुताराने मला आपल्या कुत्र्यापुढे धरले आणि म्हणाला, "शोध!"

कुत्रा नुसता बघत बसला. सुताराने त्याचे नाव ठोंब्या ठेवले.

मग रोजचीच शिकवणी सुरू झाली. आधी मला टॉवेलखाली अर्धवट झाकायचे. ठोंब्याने नाक लावले की बिस्किटाचा तुकडा. मग दारामागे, मग भुशाच्या ढिगात, मग उंच फळीवर. दर वेळी तो मला दातांत धरून गदागदा हलवायचा. माझी दोन बोटे त्यातच गेली. कौतुक मात्र सगळे त्याचे! मला कोणी विचारतो का?

सुताराचा एक नियम होता. शेवटचा डाव सोपा ठेवायचा. "हरून झोपला तर उद्या उठायचा नाही तो," असे तो बायकोला सांगायचा.

वर्षे गेली. ठोंब्या म्हातारा झाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. जिन्यावर धडपडायचा, खुर्चीला आपटायचा. पण "शोध!" म्हटले की कान ताठ! तेवढ्यापुरता तो पुन्हा तरुण व्हायचा. मी थकलो होतो, तरी त्याच्यासाठी लपत राहिलो.

एकदा पाहुणे यायचे होते. सुताराच्या बायकोने घर झाडता झाडता मला चिमटीत उचलले. "शी, काय हा वास!" साबणाच्या गरम पाण्यात घालून तिने मला असे घासले की माझा जीव नकोसा झाला.

संध्याकाळी सुताराने मला उशीखाली ठेवले. ठोंब्या आला. त्याचे नाक माझ्यावरून गेले आणि तो पुढे निघून गेला. घरभर फिरला. पुन्हा माझ्यावरूनच गेला. अरे, मीच आहे रे! पण मला कुठे ओरडता येते? शेवटी तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला. त्या रात्री त्याने खाण्याला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"वय झालंय," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "उमेद गेली की औषध काय करणार?"

सुताराने मला हुंगले आणि कपाळावर हात मारला. "अगं, धुतलास की काय याला?"

"मला काय माहीत हो," ती म्हणाली.

मग तिने मला स्वतःच्या हातात घातले. दिवसभर दुकान झाडले, भुसा भरला, फळ्या उचलल्या. सुतार हसला, "एका हातात मोजा घालून काय मिरवतेस?"

"गप्प बसा तुम्ही. घाम येऊ द्या जरा."

संध्याकाळी तिने मला ठोंब्याच्या ताटलीशेजारी, अगदी उघड्यावर ठेवले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "शोध रे, राजा."

तो उठेना. तिने पुन्हा म्हटले. तो कसाबसा उठला, आधी तिचा हात हुंगला, बराच वेळ हुंगला. मग खाली नाक लावत लावत आला आणि उरलेल्या चार दातांनी मला घट्ट धरले. माझे तिसरे बोटही गेले. ती जमिनीवर बसून रडली, आणि मग त्याने ताटली चाटूनपुसून साफ केली.

मित्रांनो, आता मी फार थकलो आहे. कचऱ्यात टाकले तरी माझी तक्रार नाही. पण आत्ता नको. ठोंब्या माझ्यावर डोके ठेवून झोपला आहे. म्हाताऱ्या जिवाची एखादी मळकी वस्तू धुवायला काढाल, तेव्हा आधी थोडे थांबा. त्याला तेवढेच ओळखीचे उरलेले असते. शेवटचा डाव त्याला जिंकू द्या, मग मला टाका.