लाल लोकरीची गाठ

खुंटीच्या डोक्याला लाल लोकरीची गाठ होती. उन्हापावसानं लोकर विटलेली, पण गाठ मात्र पक्की, कालच कुणी टोक दातात धरून आवळावी तशी... आणि ते दात कुणाचे, हे तोमोएला कुणी सांगायची गरज नव्हती. तंबूच्या पिशवीत अशा अकरा खुंट्या होत्या. गवतात हरवू नयेत म्हणून चिनात्सुनं एकेकीला लोकर बांधून ठेवली होती. बारावीची लोकर कधीतरी गळून पडलेली. तिला तोमोए सकाळपासून निळा धागा बांधून पाहत होती. तीनदा बांधला आणि तीनदा तो सरकून तिच्या मांडीवर पडला.

चिनात्सु जाऊन चार वर्षं झाली. तोमोए या घरात आली त्याला अजून वर्षही झालेलं नव्हतं. मेलेल्या बाईला सवत म्हणावं का... नको म्हणायला, तिनं माझं काय वाकडं केलंय? उलट तिचीच कढई मी वापरते, तिच्याच नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करते, आणि तिची बारा वर्षांची इबुकी—ती मला गेले दहा महिने अगदी अदबीनं ‘तोमोए-सान’ म्हणते. पोरीनं उलट बोलावं, दार आपटावं, म्हणजे निदान भांडता तरी येतं. अदबीशी कसं भांडायचं?

म्हणून तर ही सहल तिनं काढली होती. वहीत सगळं लिहिलेलं होतं—पहिल्या दोन रात्री हिबारा तळ्यावर, तिसरी इनावाशिरो तळ्याच्या काठी. भात शिजवायचा डबा, डासांच्या उदबत्त्या, इबुकीसाठी जादा स्वेटर, कारण तिकडे पहाटे ऑगस्टातही हुडहुडी भरते. नवऱ्याला, मासुओला, रजा मिळणार ती पितरांच्या ओबोन सणाच्या आठवड्यातच. हिबाराच्या कॅम्पवरचा म्हातारा फोनवर म्हणाला होता, “बाई, वेतांजवळची एकच जागा सुटलीय, तीही तेरा तारखेपासून. घ्यायची तर आत्ता घ्या, नाहीतर बसा पुढच्या उन्हाळ्याची वाट बघत!” आणि तिनं हरखून ती घेऊन टाकली. तेरा तारीख म्हणजे काय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिचं माहेर तोयामाचं, समुद्राकाठचं. तिकडच्या देवळाची शिकवण अशी की गेलेली माणसं बुद्धाजवळ सुखात असतात, त्यांना वर्षातून एकदा जाळ करून घरी बोलवायला लागत नाही. इकडे मात्र तेराच्या संध्याकाळी दारोदार तागाच्या काड्या पेटतात आणि त्या उजेडात ती माणसं आपापलं घर शोधत येतात.

“मग आईला दार कोण उघडणार?” परवा जेवताना इबुकी म्हणाली होती, वाडग्यातून मान वर न करता. “तुम्ही दोघं जा. मी घरी थांबते.”

मासुओ हसण्यावारी न्यायला गेला. “अगं, तुझी आई कधी घरात बसायची का? जून लागला की तंबू उन्हात टाकणारी बाई ती...” आणि तो मुळ्याचं लोणचं चावत बसला.

दोघं जा! तोमोएला तळं नको होतं, आणि दोघं तर मुळीच नको होतं. ती पोर बरोबर यायला हवी होती, तंबूत शेजारी पडून तिनं झोपेत लाथा झाडायला हव्या होत्या. एवढंच. पण हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुपारी तिनं खुंट्या बाजूला सारल्या आणि बाजारातून आणलेली काकडी आणि वांगं घेऊन ओसरीवर बसली. निघण्याआधी दुपारीच जाळ करू, सगळं रीतसर करू, मग तरी... काकडीला काड्यांचे चार पाय लावले की घोडा, गेलेल्या माणसानं भरधाव यावं म्हणून. वांग्याची गाय, जाताना त्याचा पाय रेंगाळावा म्हणून. आज नुसता सराव. दोन्ही जनावरं तिनं फळीवर उभी केली आणि लांबून पाहिली. बरी दिसत होती.

इबुकी पोहून आली. ओल्या केसांनी तिथंच उभी राहिली.

“तोमोए-सान, तुम्ही घोड्याचं तोंड बाहेर केलंय.”

“म्हणजे?”

“येणाऱ्याचं तोंड आत असतं. बाहेर म्हणजे... निघाली.”

तोमोएचे कान तापले. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं—आणि ते खरंच होतं, तिला ठाऊक नव्हतं—पण रात्री मासुओ झोपेत ते दुसरं नाव पुटपुटायचा तेव्हा, जा गं बाई आता, असं आपण उशीत तोंड खुपसून किती वेळा म्हटलंय... हाताला ते बरोबर ठाऊक होतं की काय? घोडा वळवायला तिचा हात उचलेना.

इबुकी घोड्यामागे उकिडवी बसली आणि त्याच्या पाठीवरून पाहू लागली. कुंपणापलीकडे बांदाईचा निळा डोंगर दिसत होता.

“तळं त्याच बाजूला आहे ना?”

“हो... डोंगराच्या मागे.”

“मग राहू दे. आधी इथं यायचं, मग तिकडे, कशाला तिला हेलपाटा? थेट तिकडेच जाईल.” मग वांग्याकडे बघत, “आणि ही गाय गं! चारी पाय चार दिशांना. साके पिऊन आलीय का ही?”

तोमोए हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले, ते तिनं मनगटानं पुसले. मग तू येणार ना? जिभेच्या टोकावर आलेलं तिनं गिळून टाकलं. त्याऐवजी बारावी खुंटी पुढे केली. “ही गाठ येते तुला?”

“अंहं. ती आईलाच यायची.” पोरगी टॉवेल झटकत आत गेली. आतूनच ओरडली, “काकडी मऊ पडेल हं प्रवासात! तिथंच नवी घ्यायला लागेल.”

तोमोएनं निळा धागा पुन्हा हातात घेतला. तेरा तारीख. परवापासून ती तारीख नकोशी झाली होती, आणि आता—मी चिनात्सुची वाट बघतेय की काय? ये बाई. तळ्यावर ये, वेतांजवळची जागा आहे, सापडेल तुला. आलीस की घटकाभर माझ्या शेजारी टेक, आणि ही गाठ कशी मारायची तेवढं दाखवून जा.